कासवाची शी आणि टोमॅटोचं बी

शीर्षक वाचून नाक मुरडलंत ना? मुरडा, खुशाल मुरडा! पण लेख वाचून झाला की हीच गोष्ट तुम्ही मधल्या सुट्टीत सगळ्यांना सांगत सुटणार, हे आत्ताच लिहून ठेवा.

त्याआधी एक काम करा. स्वयंपाकघरातून एक टोमॅटो मागून आणा आणि घरातल्या मोठ्या माणसाकडून तो आडवा कापून घ्या. आडवा हं, उभा नाही. आत कप्पे दिसतील. प्रत्येक कप्प्यात बुळबुळीत गर आणि गरात बिया. आता कप्पे मोजा. टोमॅटो लांबट असेल तर बहुधा दोन किंवा तीन भरतील. गोल, थोडा चपटा असेल तर चार-पाच. आणि आठवडी बाजारात कधीमधी मिळणारा, वरून खाचा पडलेला, वेडावाकडा गावरान टोमॅटो हाती लागला, तर आठ-दहासुद्धा!

फळ एकच, नाव एकच, मग कप्प्यांची संख्या वेगवेगळी कशी? या प्रश्नाचं शेपूट धरून आपल्याला थेट दक्षिण अमेरिकेत जायचं आहे.

वाटाण्याएवढे पणजोबा

पेरू आणि इक्वेडोर या देशांत आजही एक रानटी टोमॅटो उगवतो. त्याचं शास्त्रीय नाव सोलॅनम पिंपिनेलिफोलियम. (एका दमात तीनदा म्हणून दाखवा बघू!) त्याचं फळ जेमतेम वाटाण्याएवढं, लालचुटुक, आणि आत कप्पे फक्त दोन. आपल्या आमटीतल्या टोमॅटोचा हाच पणजोबा.

हा टोमॅटो हळूहळू उत्तरेकडे मेक्सिकोपर्यंत पोचला. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या एकच साधी गोष्ट केली. ज्या झाडाची फळं मोठी आणि चवीला बरी, त्याचंच बी पुढच्या वर्षासाठी ठेवलं. कधीतरी एखाद्या झाडात अचानक बदल होऊन दोनाऐवजी जास्त कप्प्यांचं फळ यायचं. कप्पे जास्त म्हणजे फळ मोठं. मग त्याचं बी हमखास जपलं जायचं. अशा कित्येक बदलांची भर पडत पडत वाटाण्याचा मुठीएवढा टोमॅटो झाला.

सोळाव्या शतकात स्पेनच्या लोकांनी टोमॅटो जहाजातून युरोपात नेला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांनी आणला असं मानतात. म्हणजे शिवनेरीपासून जवळच, नारायणगावच्या बाजारात आज क्रेटच्या क्रेट भरून येणारा टोमॅटो हा मुळात लांबचा पाहुणा.

पण या प्रवासात एक गडबड झाली. समजा, तुमच्याकडे गोणभर गोट्या आहेत, शंभर रंगांच्या. तुमच्या मित्रानं त्यातल्या मूठभर नेल्या. त्याच्या मामेभावानं त्या मुठीतल्या दहा उचलल्या. आता मामेभावाकडे किती रंग असतील? फार तर सात-आठ. टोमॅटोचं अगदी हेच झालं. दक्षिण अमेरिकेतून मेक्सिकोत थोडंसंच बी गेलं, मेक्सिकोतून युरोपात त्याहून थोडं, आणि युरोपातून बाकीच्या जगात आणखी थोडं. प्रत्येक मुक्कामाला काही ना काही मागे राहिलं. जंगलातल्या भाऊबंदांमध्ये जेवढी विविधता आहे, तिच्या पाच टक्क्यांहूनही कमी आपल्या लागवडीच्या टोमॅटोत उतरली आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

मागे राहिलं ते काय?

मागे राहिली जनुकं. टोमॅटोच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या बारा जोड्या असतात आणि त्यांवर सुमारे ३५ हजार जनुकं. फळ केवढं व्हावं, पानावर लव किती असावी, साल जाड की पातळ, कोणत्या रोगाशी कसं लढायचं, अशा सगळ्या सूचना या जनुकांत असतात. एकाच जनुकाचे निरनिराळे अवतार असू शकतात. एका अवतारानं दोन कप्प्यांचं फळ येतं, दुसऱ्यानं जास्त कप्प्यांचं.

२०१२ साली शास्त्रज्ञांनी टोमॅटोची ही सगळी माहिती पहिल्यांदा वाचून काढली. त्यात अनेक देशांचे गट होते आणि पाचव्या गुणसूत्राचं काम आपल्या भारतीय शास्त्रज्ञांकडे होतं. पण ती माहिती होती एकाच वाणाची. पुढे २०१९ मध्ये रानटी, जुने पारंपरिक आणि नवे असे मिळून ७२५ टोमॅटो तपासले, तेव्हा त्या पहिल्या वाणात नसलेली तब्बल ४,८७३ जनुकं सापडली! एका टोमॅटोकडे बघून सगळ्या टोमॅटोंची ओळख होत नाही, ती अशी.

‘नसतील काही जनुकं आपल्याकडे. अडतं कुठे?’ असं तुम्ही विचाराल. अडतं तेव्हाच कळतं. आणि अशा अडलेल्या वेळी धावून आलेले टोमॅटो बहुतेकदा दिसायला अगदी बिनकामाचे होते. आता कासवाकडे वळूया.

कासवदादा, मदत करा!

चार्ल्स रिक नावाचे एक शास्त्रज्ञ होते. जन्म १९१५ चा. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत ते शिकवायचे आणि वेळ मिळाला की पेरू, चिली, इक्वेडोरच्या डोंगरांत रानटी टोमॅटो शोधत फिरायचे. एकदा ते गालापागोस बेटांवर गेले. तीच बेटं, जिथली भली थोरली कासवं प्रसिद्ध आहेत आणि जिथे चार्ल्स डार्विन गेले होते.

बेटांवर रिकना पिवळ्या-नारिंगी रंगाचे छोटे रानटी टोमॅटो सापडले. काही झाडं तर समुद्राच्या इतकी जवळ वाढत होती की खाऱ्या वाऱ्यात आपलं रोप तगलंच नसतं. रिक खूश! त्यांनी बिया आणल्या, पेरल्या, पाणी घातलं आणि वाट बघत बसले. पण बी काही उगवेना. नाना उपाय करून झाले, तरी जेमतेम एखादं बी डोकं वर काढायचं.

रिकनी विचार केला, बेटावर तर हीच झाडं मजेत उगवतात. मग तिथे असं काय घडतं, जे आपल्या प्रयोगशाळेत घडत नाही? तिथे फळं कोणीतरी खात असणार. बी त्याच्या पोटातून जात असणार. बेटावरचा मोठा खादाड कोण? कासव!

सुदैवानं कॅलिफोर्नियात रॉबर्ट बोमन या शास्त्रज्ञांच्या ओळखीनं गालापागोसची कासवं मिळाली. त्यांना टोमॅटो खाऊ घातले. आणि मग? मग बसायचं वाट बघत. कासवाचं सगळंच सावकाश. खाल्लेलं बी बाहेर यायला एक ते तीन आठवडे लागले. ती शी धुऊन, निवडून, त्यातलं बी वेचून पेरलं, आणि रोपं तरारून उगवली! कासवाच्या पोटातल्या पाचक रसांनी बियांचं कडक आवरण मऊ केलं होतं. रिक आणि बोमन यांनी हा शोध १९६१ साली प्रसिद्ध केला. (आता शास्त्रज्ञ या बिया ब्लीचच्या पाण्यात थोडा वेळ बुडवतात. कासव पाळावं लागत नाही.)

एवढा खटाटोप करून मिळालं काय? त्यासाठी घरातला देठासकट टोमॅटो निरखून बघा. देठावर मध्येच एक फुगीर सांधा दिसेल. टोमॅटो तोडताना तो बहुतेकदा या सांध्यावर मोडतो आणि देठाचा तुकडा फळालाच राहतो. क्रेटमध्ये फळं एकावर एक पडली की हा तुकडा शेजारच्या फळात घुसतो आणि ते सडतं. गालापागोसच्या टोमॅटोच्या देठाला हा सांधाच नव्हता! त्यामुळे फळ देठ झाडावर सोडून सरळ हातात येतं. सांधा होऊ न देणारं हे जनुक मोठ्या टोमॅटोत आणलं, तेव्हा यंत्रानं तोडणी करणाऱ्या शेतांचं मोठंच काम सोपं झालं. कोणी बेटावर असताना सांगितलं असतं का, की या चिमुकल्या पिवळ्या फळाच्या देठात एवढी कमाल आहे म्हणून?

पुडी क्रमांक ८३२

दुसरी गोष्ट १९६२ सालची. ह्यू इल्टिस आणि डॉन उजेंट हे दोन वनस्पतिशास्त्रज्ञ पेरूच्या डोंगरात रानटी बटाटे शोधत होते. वाटेत त्यांना टोमॅटोचं एक गबाळं झुडूप दिसलं. फळं चेरीपेक्षाही लहान, आणि पिकली तरी हिरवीच. त्यांनी ती चिरडून बिया वर्तमानपत्राच्या कागदावर वाळवल्या, त्यांना ८३२ हा क्रमांक दिला आणि पाठवून दिल्या. कोणाला? आपल्या चार्ल्स रिकनाच!

हे हिरवं फळ म्हणजे रानटी टोमॅटोची एक नवीच जात निघाली. पण खरी गंमत तिच्या रसात होती. बघा, १०० किलो टोमॅटोत ९४-९५ किलो पाणीच असतं. साखर, आम्लं वगैरे विरघळलेला ऐवज फक्त पाच-सहा किलो. केचप करायचा म्हणजे ते पाणी आटवायचं, आणि आटवायला इंधन लागतं. रिकनी ८३२ चा संकर लाल टोमॅटोशी केला. पुढे दहाएक पिढ्या निवड करत गेले. १९८० च्या सुमारास त्यांच्या हाती मोठी, लाल फळं देणारी रोपं आली, ज्यांच्या रसात हा विरघळलेला ऐवज सात-आठ टक्क्यांपर्यंत गेला होता. हिरवट, खायला नकोशा फळातून लाल टोमॅटोला गोडवा मिळाला! नुसतं फळ बघून हे ओळखणं अशक्यच होतं.

संकर करतात तरी कसा?

टोमॅटोचं फूल पाहिलंय? पाच पिवळ्या पाकळ्या आणि मधोमध पिवळा निमुळता सुळका. हा सुळका परागकोशांचा. त्याच्या आत स्त्रीकेसर लपलेला असतो. त्यामुळे फुलाचे परागकण त्याच फुलाच्या स्त्रीकेसरावर पडतात आणि बाहेरचं काही फारसं मिसळत नाही. म्हणून तर एखाद्या जुन्या वाणाचं बी घरी धरलं तरी वर्षानुवर्षं तोच टोमॅटो येत राहतो.

संकर करायचा असेल तर कळी उमलायच्या आत बारीक चिमट्यानं तो पिवळा सुळका अलगद काढायचा. आतली हिरवट काडी, म्हणजे स्त्रीकेसर, मोडू द्यायची नाही. मग दुसऱ्या झाडाचे परागकण तिच्या टोकाला लावायचे आणि फुलाला नावाची चिठ्ठी बांधायची. पण रानटी टोमॅटोशी संकर केला की हवं ते एक जनुक येतं आणि त्याच्यासोबत नको असलेली हजारो येतात. फळ बारीक होतं, कडू होतं. म्हणून त्या रोपाचा पुन्हा आपल्या चांगल्या टोमॅटोशी संकर, मग पुन्हा, मग पुन्हा. दर वेळी हवं ते जनुक टिकलंय ना, हे तपासायचं. यात वर्षंच्या वर्षं जातात.

कधी कधी तर बीच धरत नाही. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनी शेतकरी हैराण होते. पेरूच्या एका रानटी टोमॅटोत त्यांना रोखणारं जनुक होतं, पण संकरातून आलेलं बी वाढेचना. १९४० च्या दशकात स्मिथ नावाच्या शास्त्रज्ञांनी अर्धवट बीमधला इवलासा गर्भ बाहेर काढला आणि प्रयोगशाळेत त्याला अन्न देऊन वाढवला. रोप जगलं एकच! पण त्या एकुलत्या एक रोपाकडून आलेलं जनुक पुढे जगभरच्या टोमॅटोंत पोचलं.

आजीबाईंच्या टोमॅटोचं गुपित

दरवेळी जंगलातच जावं लागतं असं नाही. शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जपलेल्या पारंपरिक वाणांतही खजिना आहे.

स्पेनमध्ये कॅटलोनिया आणि मायोर्का भागात एक जुना टोमॅटो आहे. उन्हाळ्यात तोडून दोऱ्यात ओवायचा आणि घरात टांगून ठेवायचा. फ्रीज नको, काही नको, कित्येक महिने टिकतो! थंडीतही घरच्या टोमॅटोचा रस पावाला चोळून खाता येतो. त्याच्या एका जनुकात असा बदल झालेला आहे की तो पिकतो, पण अतिशय हळू. असेच हळू पिकण्याचे बदल वापरून आज दूरच्या बाजारात जाणारे टिकाऊ टोमॅटो तयार करतात.

आता एक निरीक्षण. कच्चा हिरवा टोमॅटो मिळाला तर त्याचा देठाकडचा भाग बघा. काहींचा तो भाग गडद हिरवा असतो, बाकीचं फळ फिकट. काही मात्र सगळीकडून सारखेच फिकट. जुन्या वाणांत हा गडद ‘खांदा’ पुष्कळदा दिसतो. पण अशी फळं एकसारखी पिकत नाहीत म्हणून संशोधकांनी गेली सत्तरेक वर्षं सारख्या रंगाचीच फळं निवडली. २०१२ साली कळलं की त्या गडद खांद्यात हरितद्रव्य जास्त असतं आणि फळ तिथे स्वतःच थोडी साखर तयार करतं. सारख्या रंगाच्या टोमॅटोत ते जनुकच बिघडलेलं आहे. फळ दिसायला देखणं झालं आणि गोडवा थोडा हरवला. हरवलाय हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं!

मगाशी सांगितलेल्या ७२५ टोमॅटोंच्या तपासणीत असंच आणखी एक सापडलं. चव आणि वास देणाऱ्या एका जनुकाचा खास अवतार. तो वाटाण्याएवढ्या रानटी टोमॅटोंपैकी ९० टक्क्यांहून जास्त टोमॅटोंत होता, जुन्या लागवडीच्या वाणांत मात्र फक्त दोन टक्क्यांत उरला होता. आता संशोधक तो मुद्दाम परत आणू शकतात. कारण तो कुठेतरी शिल्लक आहे!

पांढरी माशी आणि केसाळ टोमॅटो

आपल्याकडच्या शेतकऱ्याला टोमॅटोच्या रोगांबद्दल विचारा. तो पहिल्या झटक्यात सांगेल, ‘बोकड्या’. पानं आकसतात, वर वळतात, झाड खुजं राहतं आणि फळं धरत नाहीत. हा एका विषाणूचा उद्योग. त्याला झाडोझाडी पोचवते ती तांदळाच्या कणीएवढीसुद्धा नसलेली पांढरी माशी. शेतात सगळी रोपं एकाच वाणाची असतील आणि त्या वाणाकडे उत्तर नसेल, तर सगळं शेत एकदम आडवं.

टोमॅटोच्या पानाला हलकेच हात लावून बघा. बोटांना उग्र वास येतो, पिवळट-हिरवा डाग पडतो. पानावरच्या बारीक केसांची ही करामत. टोमॅटोचा एक रानटी भाऊ फारच केसाळ आहे. पानं केसाळ, आणि हिरव्या फळावरही लव! १९९० मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी याच केसाळ टोमॅटोतून बोकड्याला तोंड देणारा गुण लागवडीच्या टोमॅटोत आणला. ते जनुक आज जगात अनेक ठिकाणी नवे वाण करायला वापरतात. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं काढलेला ‘अर्का रक्षक’ हा वाण तर बोकड्या, मर आणि करपा या तिन्ही रोगांशी लढतो.

विषाणूही गप्प बसत नाहीत, बदलत राहतात. आजचं उत्तर उद्या चालेलच असं नाही. मग उद्याचं उत्तर कुठल्या टोमॅटोत आहे? कोणालाच ठाऊक नाही. म्हणूनच सगळे जपायचे, अगदी बिनकामाचे वाटणारेसुद्धा.

ते काम बियाण्यांच्या बँका करतात. डेव्हिसमध्ये चार्ल्स रिक यांच्या नावाची टोमॅटोची बँक आहे. तिथून जगभरच्या संशोधकांना बी पाठवतात. तैवानमध्ये भाज्यांच्या बियाण्यांचा मोठा साठा आहे, दिल्लीत आपली राष्ट्रीय बँक आहे. पण डब्यातलं बी कायमचं जिवंत राहत नाही. अधूनमधून ते पेरून नवं बी धरावं लागतं. आणि ते काम शेतात, परसातही होतं. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, भाज्या यांचं देशी बियाणं असंच घरात जपलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

करून बघा

१. एक गावरान टोमॅटो मिळवा. आजोळी, आठवडी बाजारात किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडे विचारा. शिवाय बाजारातला एक नेहमीचा टोमॅटो घ्या. दोन्ही पूर्ण पिकलेले हवेत.

२. दोघांचा बियांसकट गर दोन वेगळ्या वाट्यांत काढा. थोडं पाणी घाला आणि दोन-तीन दिवस झाकून ठेवा. वर फेस येईल, वास येईल. येऊ द्या. बियांवरचं बुळबुळीत आवरण त्यामुळे सुटतं.

३. बिया गाळणीत स्वच्छ धुवा आणि ताटलीत सावलीत वाळवा. कागदाच्या पुड्या करून वर नाव आणि तारीख लिहा.

४. दोन्हींच्या पाच-सहा बिया वेगवेगळ्या कुंड्यांत लावा. पुरतं ऊन द्या आणि रोपांना काठीचा आधार द्या.

५. फळं आली की मोजमाप करा. कप्पे किती? देठाला सांधा आहे का? हिरवेपणी खांदा गडद होता का?

गावरान टोमॅटोची झाडं बरीचशी एकमेकांसारखी निघतील. बाजारातला टोमॅटो संकरित असेल, तर त्याची भावंडं मात्र वेगवेगळी निघतील. एखादं उंच, एखादं ठेंगणं, कुणाचं फळ मोठं, कुणाचं बारीक. ‘बी खराब होतं’ असं म्हणू नका. संकरात लपलेली जनुकं आता वेगवेगळी वाटली गेली आहेत, एवढंच.

आणि सगळ्यांत वेड्यावाकड्या, आंबटढाण फळाचं झाड उपटून टाकायचा मोह झाला, तर आधी पुडी क्रमांक ८३२ आठवा. त्याचंही बी धरा, पुडीवर क्रमांक टाका आणि त्याच्यात काय काय वेगळं दिसलं ते शेजारी लिहून ठेवा.